ऊन नको, उजेड हवा: नागपुरात काचपेटीतली ऑर्किड्स

नागपुरात ऑर्किड मेलं की खापर कोरड्या हवेवर फुटतं. एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता 15–20 टक्क्यांवर येते, तेव्हा संशय साहजिक आहे. पण काचपेटीत सगळ्यात आधी सुटतो तो कोरडेपणाचाच प्रश्न. तळाशी दोन इंच ओल आणि वर काच असली की आतली आर्द्रता थोड्याच वेळात 70 च्या वर जाते. झाडं मरतात ती उष्णतेनं आणि कोंदट हवेनं, आणि पेटी गच्च बंद करून या दोन्ही गोष्टी आपणच वाढवून ठेवतो.

1829 साली लंडनच्या नथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरला बंद बाटलीत नेचा उगवलेला दिसला आणि तिथून काचपेटीत झाडं ठेवण्याची रीत पसरली. नेच्याला ते मानवतं. ऑर्किडचं तसं नाही. पुस्तकात ज्यांना आमरी म्हणतात त्यातल्या बहुतेक शोभेच्या जाती झाडांच्या फांद्यांवर वाढतात. बांडगुळासारखा त्या झाडाचा रस शोषत नाहीत, फक्त बसायला जागा घेतात. पावसानं भिजायचं आणि वाऱ्यानं काही तासांत सुकायचं, असा त्यांच्या मुळांचा दिनक्रम. मुळांवर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. भिजलं की ते हिरवं दिसतं, सुकलं की चांदीसारखं पांढुरकं. काचपेटीत पाणी कधी द्यायचं याचं घड्याळ हेच. सकाळी हिरवी झालेली मुळं संध्याकाळपर्यंत चांदीवर आली तर पेटी बरोबर चालली आहे. दोन दिवस हिरवीच राहिली तर हवा फिरत नाही, मग हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) काहीही दाखवो.

पेटी आणि तिची जागा

बाजारात मिळणारी मत्स्यपेटी चालते, पण फक्त वरून उघडणाऱ्या पेटीत काम करणं कटकटीचं असतं आणि हवा तळाशी साचते. मत्स्यपेट्या बनवणाऱ्याकडून 60 सेंटिमीटर लांब, 45 खोल आणि 60 उंच अशी पेटी 5 किंवा 6 मिलिमीटर काचेत करून घ्यावी. समोर खाचेतून सरकणाऱ्या दोन काचा. त्यांच्या खाली, पेटीच्या पूर्ण रुंदीभर, 5 सेंटिमीटर उंचीची स्टेनलेस स्टीलच्या जाळीची पट्टी. वरचं झाकण काचेचं, पण मागच्या बाजूला पुन्हा 5 सेंटिमीटरची जाळी. गरम हवा मागून वर निघते, खोलीतली हवा पुढून खालून आत येते. एवढ्यानं समोरच्या काचेवरचं धुकंही बरंचसं जातं. तळाच्या काचेला कोपऱ्यात 20 मिलिमीटरचं भोक पेटी जोडण्याआधीच पाडून घ्या आणि निचऱ्याची नळी बसवा. टफन्ड काच घेऊ नका, तिला नंतर भोक पाडायला गेलात तर चुरा होईल. सिलिकॉन साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं वापरायला सांगा. बाथरूमसाठीच्या बुरशीरोधक सिलिकॉनमध्ये औषध असतं, ते इथे नको. वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण आठवडाभर, पेटी उघडी ठेवा.

तळाला माती अजिबात नाही. भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा, म्हणजे क्ले बॉल्सचा, 4–5 सेंटिमीटरचा थर आणि त्यावर प्लॅस्टिकची बारीक जाळी पुरते. पाणी गोळ्यांच्या अर्ध्यावर आलं की नळी उघडून सोडून द्यायचं.

जागेबद्दल नागपुरात जरा जास्त विचार करावा लागतो. खिडकीजवळ ठेवायचा मोह आवरा. बंद काचेवर थेट ऊन पडलं की आतलं तापमान थोड्याच वेळात 45 च्या पुढे जातं, आणि ऑर्किडचं पान एकदा शिजलं की परत येत नाही. पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडते. वरच्या मजल्यावर तर स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग देत राहतो, म्हणून कपाटाच्या डोक्यावर पेटी ठेवणं म्हणजे तिला भट्टीजवळ नेणं. उत्तरेची किंवा घरातली आतली भिंत, कंबरेच्या उंचीचं टेबल, शक्यतो खालचा मजला. या जागी ऊन येत नाही, आणि म्हणूनच दिवे लागतात.

दिव्यांचा हिशोब

गुलाबी-जांभळ्या दिव्यांना ग्रो लाईट म्हणून जास्त किंमत लावली जाते. त्यांची गरज नाही. 5000 ते 6500 केल्व्हिनचे साधे पांढरे एलईडी बॅटन (नळीसारखे लांब दिवे) झाडाला पुरेसे पडतात, शिवाय त्या उजेडात पानांचा खरा रंग दिसतो, त्यामुळे रोग लवकर लक्षात येतो. जांभळ्या उजेडात काळा डाग आणि निरोगी पान सारखंच दिसतं.

वर सांगितलेल्या पेटीच्या तळाचं क्षेत्रफळ 0.27 चौरस मीटर. 2 फुटी, 10 वॅटचे चार बॅटन लावले आणि वॅटमागे 100 ल्युमेन धरले तर 4000 ल्युमेन होतात. परावर्तन, काच, कडेनं सांडणारा उजेड हे वजा जाता निम्मा झाडांपर्यंत पोचला तर सरासरी 7400 लक्स (म्हणजे चौरस मीटरमागे ल्युमेन). रोज 12 तास एवढा उजेड छोट्या फॅलेनॉप्सिसला आणि बहुतेक मिनिएचर जातींना पुरतो. झाकणाजवळ तो जास्त असतो, तळाशी कमी, म्हणून पेटीत आपोआप मजले तयार होतात. नक्षीदार पानांसाठी वाढवतात त्या ज्वेल ऑर्किड्स तळाशी, 2000–4000 लक्सच्या सावलीत. फॅलेनॉप्सिस मधोमध. जास्त उजेड मागणाऱ्या वर. मोबाईलवरचं लक्स मोजणारं ॲप अचूक आकडा देत नाही, पण पेटीतल्या दोन जागांची तुलना करायला उत्तम. पानंही सांगतात: गडद हिरवी, लांबुडकी आणि लोळणारी म्हणजे उजेड कमी. पिवळट किंवा लालसर छटा आली तर जास्त.

विजेचा खर्च मामुली आहे. 40 वॅट गुणिले 12 तास म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा कमी, महिन्याला 14–15 युनिट. बॅटन पेटीच्या आत लावू नयेत. झाकणापासून 5 ते 8 सेंटिमीटर वर, लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ठेवावेत, म्हणजे त्यांची उष्णता वरच्या वर जाते. झाकणाची काच दर आठवड्याला पुसायची. पाण्याचे पांढरे डाग आणि धूळ किती उजेड खातात ते पुसल्यावरच कळतं.

टायमर डिजिटल, बॅटरीवाला घ्या. चकती फिरणारा साधा टायमर लाईन गेली की थांबतो आणि आठवड्याभरात तीन-चार तास मागे पडतो. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली लोंबणारा झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. पाणी आणि वीज एकाच फुटात आहेत, तेव्हा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

कोणती झाडं

इंटरनेटवरच्या सुंदर पेट्यांमध्ये ड्रॅक्युला, मॅस्डेव्हालिया, लेपँथिस या ऑर्किड्स दिसतात. त्या अँडीज पर्वतातल्या ढगाळ जंगलातल्या. त्यांना रात्री 12–15 अंश हवेत, तेही बारा महिने. नागपुरात त्या वाढवायच्या तर पेटी नाही, फ्रिज बांधावा लागेल. नाद सोडा.

इथे टिकणाऱ्यांत पहिला नंबर लुडिसिया डिसकलरचा. गडद मखमली पानांवर लालसर रेघा, आणि चुका माफ करणारा स्वभाव. मॅकोडिस पेटोलाची पानं सोनेरी नक्षीची, पण पाणी साचलेलं तिला चालत नाही. या दोन्ही ज्वेल ऑर्किड्स जमिनीवर वाढणाऱ्या, म्हणून 3 इंची जाळीदार कुंडीत नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे दोन भाग, पर्लाईटचे हलके पांढरे दाणे एक भाग, स्फॅग्नम मॉस (सुकवलेलं शेवाळ) एक भाग. फांदीवर बांधण्यासाठी फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस आणि तिच्यापासून केलेले छोटे संकर, तैवानची हराएला, आणि पंख्यासारखी दोन-तीन इंचांची एरिसिना पुसिला. शेवटची भरभर फुलते पण अल्पायुषी असते, ती गेली तर स्वतःला दोष देऊ नका. व्हँडा, मोठे कॅटलिया, बाजारातले उंच डेंड्रोबियम काचपेटीसाठी नाहीत. त्यांना उजेड दुपटी-तिपटीनं लागतो आणि ते वर्षभरात झाकणाला टेकतात.

विदर्भातल्या आंब्या-मोहाच्या झाडांवर रास्ना म्हणून ओळखली जाणारी व्हँडा टेसेलाटा दिसते. ती तिथेच राहू द्या. जंगलातून ऑर्किड काढणं गुन्हा ठरू शकतो, आणि सगळ्या ऑर्किड्सचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या कराराखाली नियंत्रित आहे. शिवाय झाडावरून ओरबाडलेल्या व्हँडाची मुळं तुटतात आणि ती पेटीत जगतच नाही. नर्सरीत वाढवलेलं झाड घ्या आणि ते 3–4 आठवडे वेगळ्या पारदर्शक डब्यात ठेवून मगच पेटीत आणा.

बांधायला कॉर्कची साल महाग पडते. जुन्या माठाचं खापर हा त्याला उत्तम पर्याय, आणि फुकट. ते सच्छिद्र असतं, सडत नाही, आणि माठात पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं त्याचा पृष्ठभाग दोन-तीन अंश गार राहतो. त्याहून चांगलं म्हणजे चकाकी न दिलेला मातीचा उभट पेला. त्यात पाणी भरून ठेवायचं आणि बाहेरच्या अंगाला झाड बांधायचं. भिंतीतून झिरपणारी ओल मुळांना सतत पण थोडी मिळते. झाडाखाली मॉसची पातळ गादी, नायलॉनच्या मासेमारीच्या दोरीचे दोन-तीन वेढे, आणि झाडाचा मध्य, जिथून नवं पान येतं तो, पूर्ण उघडा. मॉस त्या मध्यावर चढला तर कूज ठरलेली. दोन-तीन महिन्यांत मुळं खापराला चिकटली की दोरी कापायची. सोडण वापरायचं असेल तर आधी 24 तास भिजवा आणि तीन-चार वेळा पाणी बदला, त्यातला क्षार निघायला हवा. सागाचा जुना तुकडाही चालतो. आंब्याची ओली फांदी मात्र पेटीत सहा महिन्यांत बुरशीचं घर होते.

पाणी

नळाला पेंच किंवा कन्हानचं पाणी येवो, ते फवारणीला वापरण्याआधी टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर लावा. बोअरवेलचं पाणी तर विचारूच नका. फवारणीला 50 पीपीएमच्या खालचं पाणी हवं, नाहीतर पानांवर, काचेवर आणि खापरावर पांढरा थर चढतो आणि मुळांची टोकं जळतात. घरच्या आरओचं पाणी चालेल असं गृहीत धरू नका. बऱ्याच यंत्रांत चवीसाठी साधं पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो आणि आकडा 100 च्या पुढे निघतो. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. पहिल्या दोन-तीन सरी छत धुवून जाऊ द्या, मग भरा. 10 चौरस मीटर गच्चीवर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे 100 लिटर, आणि एवढ्या पेटीला ते कित्येक महिने पुरतं. झाकलेल्या, उजेड न लागणाऱ्या ड्रममध्ये ठेवायचं.

फवारणी दिवे लागल्यानंतर लगेच, म्हणजे पानं वाळायला पूर्ण दिवस मिळतो. दोन लिटरचा हातपंपाचा फवारा पुरेसा आहे. आपोआप हवं असेल तर आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे मिळणारा 24 व्होल्टचा बूस्टर पंप आणि 0.3 मिलिमीटरचे दोन-तीन पितळी नोझल बसवता येतात. फक्त त्याला सेकंदांत चालणारा टायमर लागतो. 15–20 सेकंद पुरे. 15 मिनिटांच्या टप्प्याचा टायमर लावलात तर तळ्यात ऑर्किड लावल्यासारखं होईल. धूर सोडणारी अल्ट्रासॉनिक यंत्रं दिसायला छान, पण मुळं भिजत नाहीत आणि पाण्यातला प्रत्येक क्षार हवेत उडून काचेवर बसतो.

खत अगदी थोडं. कृषी केंद्रात मिळणारं, नत्र-स्फुरद-पालाश समान असलेलं 19:19:19 चालतं. 10 ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातलं 25 मिलिलिटर एक लिटर पाण्यात घाला, म्हणजे लिटरला पाव ग्रॅम होतं. पंधरा दिवसांतून एकदा, आणि दर चौथ्या वेळी त्याऐवजी नुसत्या पाण्यानं धुवून काढायचं. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम नसतं, म्हणून महिन्यातून एकदा लिटरला 0.1 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट द्यावं. ते 19:19:19 च्या गाढ द्रावणात मिसळू नका, पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात.

हायग्रोमीटरवर विश्वास ठेवण्याआधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलं होईल इतकंच पाणी घाला, हायग्रोमीटरसह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. आत 75 टक्के यायला हवेत. 82 दाखवत असेल तर पुढे नेहमी 7 वजा करायचे.

हवा, आणि मे महिना

पेटीच्या आत 80 मिलिमीटरचा, 12 व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा हवाच. तो हवा बाहेर फेकायला नाही, आतल्या आत फिरवायला. व्होल्टेज बदलता येणाऱ्या अडॅप्टरवर 7.5 किंवा 9 व्होल्टला लावला की मंद आणि बिनआवाज चालतो. तोंड झाडांकडे नको, समोरच्या काचेकडे करा. 24 तास चालू. लाईन जाते तेव्हाही तो चालावा म्हणून वायफाय राउटरसाठी मिळणारा 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. पंखा जेमतेम दोन वॅट खातो, यूपीएस काही तास सहज काढतो. दिवे गेले तर दोन दिवस काही बिघडत नाही. पंखा थांबला तर पावसाळ्यात एका रात्रीत बिघडतं.

उन्हाळ्यात आपला कूलर कामाला येतो. बाहेर 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असताना हवा ओली करून जास्तीत जास्त 23 अंशांपर्यंत गार करता येते. नव्या ताट्यांचा चांगला कूलर त्यातलं पाऊण अंतर काटतो, म्हणजे 28 अंशांची, बऱ्यापैकी दमट हवा. ऑर्किडला आणखी काय पाहिजे? त्या दिवसांत समोरची काच इंचभर सरकवून ठेवायची आणि खोलीची समोरची खिडकी उघडी, नाहीतर हवा कोंदून कूलरचं गार होणं थांबतं. कूलरचा झोत थेट पेटीवर नको. पेटी खोलीपेक्षा दोन-तीन अंश गरम असते हे लक्षात ठेवा. आत 34–35 अंशांपर्यंत वर सांगितलेल्या जाती तग धरतात, तेही हवा हलत असेल आणि रात्री पारा उतरत असेल तर.

दिव्यांची वेळ हा उन्हाळ्यातला कळीचा मुद्दा. अनेक जण सुचवतात की रात्री दिवे लावा, दिवसा बंद ठेवा. ज्वेल ऑर्किडला हे चालेल. पण फॅलेनॉप्सिससारख्या जाड पानांच्या ऑर्किड्स आपली पर्णरंध्रं अंधारात उघडतात आणि तेव्हाच कार्बन डायऑक्साइड घेतात. त्यांचा अंधार दुपारच्या 40 अंशांत आला तर पाणी उडून जातं आणि पोटात काही पडत नाही. मधला मार्ग म्हणजे एप्रिलपासून दिवे पहाटे 4 ते दुपारी 2, दहाच तास. दुपारच्या सगळ्यात तापलेल्या वेळात दिव्यांची भर पडत नाही, आणि रात्री दहा ते पहाटे चार हा गार काळ अंधाराचा राहतो. बेडरूममध्ये रात्री एसी चालत असेल तर पेटी तिथेच हलवा.

बर्फाच्या बाटल्या ठेवण्याचा उपाय नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की हमखास सुचवला जातो. एक लिटर पाण्याचा बर्फ वितळताना साधारण 334 किलोज्यूल उष्णता घेतो. तुमचे 40 वॅटचे दिवे तासाला 144 टाकतात. म्हणजे नुसत्या दिव्यांचा हिशोब धरला तरी एक बाटली सव्वादोन तासांत संपली, खोलीच्या उष्णतेला तर अजून हातच लागला नाही. कूलर बंद पडलेल्या दुपारी चालेल. रोजचा उपाय म्हणून नाही.

पावसाळ्यातली कूज

मे निभावला की माणूस सैलावतो, आणि झाडं जुलैत जातात. बाहेरच आर्द्रता 80–90 टक्के, पेटीतलं काही सुकत नाही. फवारणी दोन-तीन दिवसांतून एकदा, पेल्यांत पाणी अर्धं, पंखा एक पायरी वर. कूलर आता फक्त दमटपणा वाढवतो, त्या खोलीत तो नको.

पानावर पाणी भरल्यासारखा डाग दिसला, तो दिवसागणिक पसरला आणि वास आला तर ती जिवाणूंची कूज. डागाच्या एक सेंटिमीटर पलीकडे, निरोगी भागात, ज्योतीवर तापवून गार केलेल्या ब्लेडनं काप घ्या. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा, पण मुळांवर पडू देऊ नका, ती मुळं वाळवते. झाड आठवडाभर पेटीबाहेर, पंख्याखाली. मध्यच काळा पडून नवं पान हलकेच ओढल्यावर हातात आलं तर ते झाड बहुधा गेलं. फॅलेनॉप्सिस क्वचित बुंध्यातून पिलू काढतं, तेवढी वाट पाहायची. तांब्याची बुरशीनाशकं डेंड्रोबियमवर मारू नका.

मॉसवर उड्या मारणारे पांढरे बारीक किडे दिसले तर घाबरू नका, ते स्प्रिंगटेल, बुरशी खातात. काळ्या चिलटांसारख्या माश्या दिसल्या तर मॉस कुजलाय, बदला. मॉसचं आयुष्य तसंही दीड-दोन वर्षांचंच. मुळांची कोवळी टोकं रात्रीत गायब होत असतील तर तांदळाएवढ्या गोगलगायी आहेत. संध्याकाळी काकडीची चकती ठेवा आणि रात्री टॉर्च घेऊन उचला, सलग दहा-बारा रात्री. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसायची. निंबोळी तेल फवारायचंच असेल तर दिवे बंद असताना.

नोव्हेंबरपासून दिवे पुन्हा 12 तासांवर, फवारणी दुपारी. फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा धरायला काही आठवडे दिवसाचं तापमान 25–26 अंशांच्या खाली लागतं, आणि नागपूरची थंडी ते फुकटात देते. पेटीत रात्री 15–16 च्या खाली जाऊ लागलं तर मागची जाळी अर्धी झाका, पूर्ण नको. दांडा मुळासारखाच दिसतो, पण त्याचं टोक बोटं नसलेल्या हातमोज्यासारखं चपटं असतं आणि तो वर वळतो. झाकणापासून चार बोटं राहिला की त्याला बारीक तारेच्या आधारानं आडवा वळवा. एकदम नाही, तीन-चार दिवसांत थोडा थोडा, आणि फवारणीच्या आधी, कारण पाण्यानं भरलेला दांडा काडीसारखा तुटतो.